रिकामा रूळ

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या लांबलचक मेजावर चांदीची एक लहानशी आगगाडी आहे. मेजावर तिच्यासाठी रूळ टाकलेले आहेत. शिंदे महाराजांकडे पाहुणे पंक्तीस बसले, की जेवणानंतरचे जिन्नस घेऊन ही गाडी प्रत्येकाच्या पुढ्यातून जाई. एखाद्या पाहुण्याने तिच्यावरील सुरई उचलली, की गाडी जागच्या जागी थांबे. सुरई परत ठेवली, की पुन्हा चालू लागे. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन येथील बॅसेट-लोक या प्रसिद्ध कारखानदारांनी ती विसाव्या शतकाच्या आरंभी तयार करून दिली.

एवढे प्रशस्त मेज, आणि त्यावर गाडी मात्र एकच! दुसरी गाडी आडवी येण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. सामान्य गृहस्थाच्या घरी याच्या अगदी उलट घडते. तेथे मेज लहान असते आणि गाड्या पुष्कळ असतात.

इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, जपान अशा अनेक देशांत आगगाडीच्या छोट्या प्रतिकृती जमविण्याचा आणि चालविण्याचा छंद फार लोकप्रिय आहे. हा केवळ मुलांचा खेळ नव्हे. शिक्षक, डॉक्टर, धर्मोपदेशक, कारकून, इंजिनचालक असे सर्व थरांतील लोक त्यात रमलेले आढळतात. खऱ्या आगगाडीचे माप घेऊन ठरावीक प्रमाणात ती लहान करायची, तशीच स्थानके, पूल, बोगदे आणि सिग्नल उभे करायचे, आणि मग वेळापत्रक आखून गाड्या चालवायच्या, असे या छंदाचे स्वरूप आहे. या मंडळींना भेडसावणारी एक अडचण मात्र सर्व देशांत सारखीच आहे. जवळ असलेल्या सगळ्या गाड्या घरच्या लोहमार्गावर मावत नाहीत.

ही अडचण आजची नाही. तिचे मूळ शोधू गेल्यास १८९१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्यापूर्वी खेळण्यातील आगगाडी म्हणजे एक स्वयंपूर्ण वस्तू असे. ती एकदा विकत घेतली, की व्यवहार संपला. जर्मनीतील मेर्कलिन हा कारखाना त्या काळी बाहुल्यांच्या घरात मांडण्याची चिमुकली भांडीकुंडी बनवीत असे. बाहुलीचे घर एकदा घेतले, तरी त्यातील सामान वर्षानुवर्षे घेतच राहावे लागते, हे त्या व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक होते. तोच न्याय त्यांनी आगगाडीला लावला. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ठरावीक रुंदीचे, एकमेकांना जोडता येतील असे रूळ मांडले. आता पहिल्या वर्षी इंजिन, दोन डबे आणि रुळांचे एक वर्तुळ घ्यावे. दुसऱ्या वर्षी आणखी रूळ घ्यावेत. तिसऱ्या वर्षी मालगाडीच्या वाघिणी घ्याव्यात. गाडी विकत घेणे हे एकदा संपणारे काम राहिले नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही युक्ती अत्यंत चतुराईची होती. घर मात्र जेवढे होते तेवढेच राहिले.

घर वाढत नाही, म्हणून मग गाडी लहान होऊ लागली. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली किल्लीवर चालणाऱ्या आपल्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर होते. दोन फूट त्रिज्येचे वळण घेतले, तरी पूर्ण वर्तुळाला चार फुटांहून अधिक रुंदी लागे. असा लोहमार्ग मेजावर कसा बसणार? तो दिवाणखान्याच्या जमिनीवर मांडला जाई आणि जेवणाची किंवा निजण्याची वेळ झाली, की घरातील वडीलधाऱ्यांच्या आज्ञेवरून उचलला जाई. जर्मनीतील बिंग या कारखान्याने १९२२ साली याच्या जवळजवळ निम्म्या आकाराची ‘मेजावरील रेल्वे’ काढली. हॉर्नबी कारखान्याने १९३८ साली साडेसोळा मिलिमीटर रुळांची गाडी आणली. पुढे १९६० च्या दशकात ९ मिलिमीटर रुळांच्या गाड्यांचा प्रसार झाला, आणि १९७२ साली मेर्कलिनने तर अवघ्या साडेसहा मिलिमीटर रुळांवर धावणारी गाडी करून दाखविली. तिचे इंजिन मुठीत झाकून जाते.

जागेचा प्रश्न यामुळे सुटला असे कोणालाही वाटेल. तो सुटला नाही. गाडी निम्म्या आकाराची झाली, तेव्हा लोकांनी चौपट गाड्या घेतल्या! कपाट मोठे आणले, की त्यात वस्तूही अधिक साठतात, हा अनुभव कोणत्या घराला नाही?

नेमक्या किती गाड्या एखाद्या मेजावर मावतात, हे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या मापात खऱ्या गाडीच्या एक सत्त्याऐंशीअंश आकाराची प्रतिकृती करतात. आपल्याकडील प्रवासी डबा सुमारे २२ मीटर लांब असतो. त्याला ८७ ने भागले, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर होतात. इंजिन २० मीटर धरले, तर त्याची प्रतिकृती २३ सेंटिमीटरांची होते. आता १८० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद असे एक मेज घ्या. घरात एवढे मेज मिळणे हीसुद्धा मोठीच गोष्ट आहे. त्यावर दोन्ही टोकांना ४४ सेंटिमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे आणि मध्ये ८० सेंटिमीटरांचे दोन सरळ रूळ टाकले, तर सगळा मार्ग किती लांब होईल? वळणांचे २७६ आणि सरळ रुळांचे १६०, मिळून ४३६ सेंटिमीटर.

आपल्या देशात चोवीस डब्यांच्या गाड्या धावतात. तशी गाडी या मापात हुबेहूब केली, तर ती ६२३ सेंटिमीटर लांब होईल. म्हणजे तिचे इंजिन फेरी पूर्ण करण्यापूर्वीच आपल्या शेवटच्या डब्यावर जाऊन आदळेल! १ जून १९३० रोजी मुंबई-पुण्याच्या दरम्यान डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा तिला सातच डबे होते. परंतु तीसुद्धा या मार्गाचा निम्म्याच्या आसपास भाग एकटीच व्यापून टाकील. म्हणून या छंदातील लोक डब्यांची संख्या निरुपायाने कमी करतात. समजा, आपण पाचच डबे जोडले. गाडीची लांबी १४८ सेंटिमीटर झाली. अशा तीन गाड्या रुळांवर ठेवल्या, तर ४४४ सेंटिमीटर लागतील, आणि आपला मार्ग तर ४३६ सेंटिमीटरांचाच आहे. तिसऱ्या गाडीचा शेवटचा डबा रुळांखालीच राहील.

मग दोन गाड्या तरी सुखाने चालतील काय? येथे लोहमार्गाचा एक मूलभूत नियम आड येतो. खऱ्या रेल्वेवर मार्गाचे खंड पाडलेले असतात. एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी, आणि पुढचा खंड मोकळा झाल्याखेरीज मागच्या गाडीला सिग्नल मिळू नये, अशी व्यवस्था असते. हजारो प्रवाशांचे प्राण या एका नियमावर विसंबून असतात. मेजावरच्या वर्तुळाचे दोन खंड केले आणि दोन गाड्या ठेवल्या, तर पहिली गाडी दुसरीची वाट पाहील आणि दुसरी पहिलीची. दोघींनाही लाल दिवा! दोन गाड्या चालवायच्या, तर खंड तीन हवेत. तीन गाड्यांना चार हवेत. कारण एक खंड नेहमी रिकामा असला पाहिजे.

बाजारात पंधरा सोंगट्यांचे एक कोडे मिळते. चौकोनी चौकटीत सोळा घरे असतात आणि सोंगट्या पंधरा. त्या सरकवून आकडे क्रमाने लावायचे असतात. सगळा खेळ चालतो तो त्या सोळाव्या, रिकाम्या घराच्या जोरावर. लोभाने तेथे आणखी एक सोंगटी बसविली, तर चौकट भरलेली दिसेल खरी, पण एकही सोंगटी हलणार नाही.

आता आपल्या ४३६ सेंटिमीटरांच्या मार्गाचे तीन सारखे खंड करा. प्रत्येक खंड १४५ सेंटिमीटरांचा झाला. आपली गाडी आहे १४८ सेंटिमीटरांची. म्हणजे अवघ्या तीन सेंटिमीटरांनी खोळंबा! पण प्रत्येक गाडीचा एक डबा सोडून घ्या. गाडी १२३ सेंटिमीटरांची होते आणि खंडात नीट बसते. पाच डब्यांची एकच गाडी जेथे नियमाने चालली असती, तेथे आता चार-चार डब्यांच्या दोन गाड्या एकमेकींच्या मागून धावू लागतात. दोन डबे पेटीत गेले आणि एक सबंध गाडी पेटीतून बाहेर आली. हा सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही.

परंतु ज्याच्याजवळ दोन नव्हे, तर वीस गाड्या आहेत, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर छंदिष्टांनी नाटकमंडळ्यांप्रमाणे दिले. नाटकातील सगळी पात्रे एकाच वेळी रंगमंचावर उभी राहत नाहीत. ज्याचा प्रवेश असतो, तो पुढे येतो. बाकीचे विंगेत थांबतात. त्याप्रमाणे मेजाच्या मागच्या बाजूस, एखाद्या डोंगराच्या किंवा रंगविलेल्या फळीच्या आड, शेजारी शेजारी अनेक रूळ टाकतात. प्रत्येक रुळावर एकेक गाडी उभी असते. समोरच्या स्थानकातून निघालेली गाडी बोगद्यात शिरते आणि या लपलेल्या यार्डात येऊन विसावते. मग सांधे बदलतात आणि दुसरीच गाडी बोगद्यातून बाहेर पडते. पाहणाऱ्याला वाटते, पहिली गाडी दूर कोठेतरी गावाला गेली आणि ही दुसरी दूरच्या गावाहून आली. इंग्रज लोक अशा जागेला फिडल यार्ड म्हणतात. जर्मन भाषेतील शब्द अधिक सुंदर आहे. ते त्याला शाटनबानहोफ, म्हणजे ‘सावलीतले स्थानक’ म्हणतात.

हे सावलीतले स्थानकही फुकट मिळत नाही. तेथील प्रत्येक रूळ निदान एका गाडीइतका लांब हवा. शिवाय सर्व रूळ जेथे एकत्र येतात, तेथे सांध्यांना बरीच जागा लागते. चार रूळ एकत्र आणण्याकरिता तीन सांधे लागतात, आणि तेवढ्यातच मेजाची बरीचशी लांबी संपते. म्हणून काही जणांनी सांध्यांना फाटाच दिला. लाकडाच्या अरुंद फळीवर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या रुळांप्रमाणे बसवायच्या. त्यांतूनच विजेचा प्रवाह खेळवायचा. गाडी त्या फळीवर आली, की ती फळीच गाडीसकट उचलून मांडणीवर ठेवून द्यायची आणि दुसऱ्या गाडीची फळी तेथे आणून लावायची. अशा रीतीने भिंतीवरची मांडणी हेच यार्ड बनते. युक्ती साधी आहे. मात्र फळी उचलताना हात तिरका झाला, तर सगळी गाडी जमिनीवर येते. म्हणून सावध माणसे फळीच्या दोन्ही टोकांना अडसर लावतात.

जागा मोठी घेणे हा एक मार्ग आहेच. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली बंदराजवळच्या जुन्या वखारींच्या वस्तीत एक प्रचंड छोटा लोहमार्ग उघडला. प्रचंड आणि छोटा हे शब्द येथे एकत्र नांदतात. तेथे आज हजाराहून अधिक गाड्या आहेत आणि लक्षावधी लोक त्या पाहण्यास जातात. तथापि, एवढ्या जागेतही सगळ्या गाड्या एकदम समोर धावत नाहीत. दृश्याच्या आड सावलीतली स्थानके आहेतच, आणि तेथे गाड्या आपापल्या पाळीची वाट पाहत उभ्या असतात.

महाराष्ट्रात असे काही पाहावयाचे, तर पुण्यात कोथरूडला जावे. भाऊसाहेब जोशी यांना छोट्या आगगाड्यांचा नाद होता. आपला लोहमार्ग ते प्रारंभी प्रदर्शनांतून लोकांना दाखवीत. पण प्रदर्शन म्हटले, की सगळे सुटे करून न्यावयाचे, तेथे जुळवावयाचे, आणि चार दिवसांनी पुन्हा सुटे करावयाचे. रुळांचे सांधे ढिले होतात, बारीक तारा तुटतात, सिग्नल वाकतात. अखेर त्यांनी या पसाऱ्याला कायमचे घर देण्याचे ठरविले, आणि १९९८ साली हे संग्रहालय सुरू झाले. एका माणसाच्या हौसेचे हे फळ आहे, हे ध्यानात घेऊन ते पाहिले म्हणजे त्याची खरी किंमत कळते.

परंतु प्रत्येकाने वखार किंवा संग्रहालय कोठून आणावे? बहुतेकांच्या गाड्या शेवटी पेटीतच जातात. पेटीत गाडी सुरक्षित राहते, असा पुष्कळांचा समज असतो. तो पूर्णपणे खरा नाही. चाकांना आणि दातेरी चक्रांना घातलेले तेल वर्षानुवर्षे न हलल्याने चिकट होते व शेवटी घट्ट बसते. चाकांची पकड वाढविण्यासाठी लावलेली रबरी कडी वाळून तडकतात. जुन्या काळी जस्ताच्या मिश्रधातूचे जे भाग ओतीत, त्यांत शिशाचा थोडासा अंश मिसळला गेला असेल, तर तो भाग आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि एके दिवशी त्याचा चुरा होतो. महायुद्धापूर्वीची कितीतरी सुंदर इंजिने अशी पेटीतल्या पेटीत नाहीशी झाली. मालकाने फार वर्षांनी झाकण उघडावे, आणि आत रंगाचे पोपडे व राखी रंगाचे तुकडे पाहावेत! हा धातूचा रोग काही गाडी चालविल्याने टळत नाही. पण जी गाडी वरचेवर हातात घेतली जाते, तिचे दुखणे निदान लौकर लक्षात येते. तेल घट्ट होण्याचा आणि रबर तडकण्याचा प्रकार तर वेळीच दिसला, म्हणजे सहज दुरुस्त करता येतो. म्हणून जाणते लोक पेट्यांवर तारीख लिहून ठेवतात आणि प्रत्येक इंजिनाला ठरावीक दिवसांनी रुळावर आणून थोडे फिरवतात.

राहता राहिला तो निवडीचा प्रश्न, आणि खरे पाहता सर्वांत अवघड तोच आहे. समोर वीस इंजिने ओळीने मांडली आहेत आणि त्यांतील चारच रुळावर राहू शकतात. एक वाढदिवसाला मिळालेले, एक स्वतःच्या पहिल्या कमाईतून घेतलेले, एक मित्राने जाताना दिलेले. कोणत्या इंजिनाला नाही म्हणावे?

इंग्लंडमधील पीटर डेनी या धर्मोपदेशकाने या प्रश्नाला दिलेले उत्तर या छंदाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या घरी एक छोटा लोहमार्ग बांधावयास घेतला. बकिंगहॅम हे त्याचे मुख्य स्थानक. डेनीने स्वतःला एक कडक बंधन घालून घेतले. आपला लोहमार्ग ‘ग्रेट सेंट्रल’ या एकाच रेल्वे कंपनीचा असेल, आणि साल असेल १९०७. या बंधनाचा अर्थ काय, तो पाहा. ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारे ‘मॅलार्ड’ इंजिन साऱ्या इंग्लंडचे लाडके. पण त्याने तो विक्रम केला १९३८ साली. अर्थात् डेनीच्या स्थानकात त्याला प्रवेश नाही. दुसऱ्या कंपनीची कितीही देखणी इंजिने दुकानात दिसली, तरी ती घेण्याचे कारण उरले नाही. दिसेल ते घेण्याऐवजी त्या एका सालाला जे हवे, तेवढेच तो आपल्या हाताने घडवीत राहिला.

त्याचा लोहमार्ग म्हणजे काही नुसती गोल फिरणारी गाडी नव्हती. सकाळपासून रात्रीपर्यंतचे एक वेळापत्रक होते. दुधाची गाडी, शाळेच्या वेळेची गाडी, मालाच्या वाघिणी, अशा क्रमाने गाड्या येत व जात. एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकाला घंटेचे संकेत दिले जात, आणि पलीकडून रुकार आल्यावाचून गाडी सुटत नसे. अर्थात् हे काम एका माणसाचे नव्हे. डेनीचा मुलगा क्रिस्पिन वडिलांना मदत करी. दुसऱ्या स्थानकाचा कारभार त्याच्याकडे असे. पण मुले मोठी होतात आणि त्यांना त्यांची कामे लागतात. स्थानक रिकामे पडले. तेव्हा डेनीने मुलाचे काम करील असे एक यंत्र स्वतः तयार केले आणि त्याचे नाव ठेवले ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’.

हा लोहमार्ग त्याने आयुष्यात अनेकदा मोडून नव्याने बांधला, वाढविला, सुधारला; १९०७ साल मात्र कधी सोडले नाही. २००९ साली डेनीचा मृत्यू झाला. त्याचे बकिंगहॅम नंतरही जपले गेले. तेथे प्रत्येक गाडी आपल्या वेळेला येते, काही क्षण फलाटाशी उभी राहते आणि घंटा झाली, की पुढच्या गाडीसाठी रूळ मोकळा करून निघून जाते.